ऐकणाऱ्याची पदकं

ऐकताना ते डोळे मिटून घेत. मान किंचित डावीकडे कलायची, उजव्या हाताची दोन बोटं नकळत कानाशी जायची, जणू तिथं अजून काही चढवलेलं आहे आणि ते नीट बसवून घ्यायचं आहे. आणि मग चेहऱ्यावरचे सगळे भाव हळूहळू निवळत जात, वारा पडल्यावर विहिरीचं पाणी निवळतं तसे. मार्गशीर्षातल्या सकाळी आमच्या नळदुर्गच्या घराच्या ओट्यावर कोवळं ऊन तिरपं येऊन बसलेलं असायचं, चहाच्या कपातून वाफेची एक बारीक वेल वर चढत असायची, आणि दूर हायवेवरून एखाद्या ट्रकचा घरघराट येऊन विरून जायचा. माझ्या कानांना तो सगळाच एक घरघराट. ते मात्र डोळे न उघडता म्हणायचे, "रिकामा हाय. हैदराबादकडनं आलाय. मागचं एक चाक ढिलं झालंय त्याचं." पुढच्या ढाब्यावर जाऊन खातरजमा करण्याची मला कधी गरज वाटली नाही. सूर्य पूर्वेला उगवतो हे आपण तपासून थोडंच बघतो.

माझे पती मल्हारी चोवीस वर्षं नौदलात होते, आणि त्यातली बहुतेक वर्षं पाणबुडीत. पाणबुडीला खिडकी नसते. समुद्रात आयुष्य काढलेल्या या माणसाने समुद्र पाहिला असा फारच थोडा. त्याने तो ऐकला. कानांवर जाड हेडफोन चढवून, मंद उजेडाच्या एका कोनाड्यात बसून, बाहेरच्या अथांग काळोखातून येणाऱ्या आवाजांमधून देवमाशाचा कोणता, कोळ्यांच्या होडीचा कोणता आणि परक्या जहाजाच्या पंख्याचा कोणता, हे वेगळं काढणं हे त्यांचं काम. त्या यंत्राला सोनार म्हणतात. माझ्या सासूबाईंनी तो शब्द ऐकला आणि अख्ख्या अणदूरला, म्हणजे माझ्या सासरच्या गावाला, सांगून टाकलं, "माझं पोरगं दर्यात सोनार हाय." एकदा ते सुटीवर आले असताना गल्लीतल्या एक आजी खरोखरच लुगड्याच्या पदरात पाटली बांधून घेऊन आल्या. सोनं खरं आहे की पितळ, एवढंच त्यांना विचारायचं होतं. यांनी आजींना खुळ्यात काढलं नाही. पाटली हातात घेतली, ओट्याच्या दगडावर बोटभर उंचीवरून अलगद सोडली, तिचा नाद पूर्ण विझेपर्यंत ऐकला, आणि म्हणाले, "खरं हाय, आजी. निवांत ऱ्हावा."

मी मूळची तुळजापूरची. नळदुर्गच्या शाळेत मराठी शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. लग्नानंतर चाळीस दिवसांनी ते पाण्याखाली गेले, आणि मग पत्र नाही, निरोप नाही, ते कुठं आहेत हे विचारायची सोय नाही. त्या पहिल्या विरहात सासूबाईंनी मला जवळ बसवून जे सांगितलं, ते सांत्वन मला पुढं ते निवृत्त होईपर्यंत पुरलं. अणदूरचा खंडोबा दर वर्षी आपलं देऊळ सोडून जवळजवळ दोन महिने नळदुर्गला मुक्कामाला जातो. मूर्ती एकच आणि देवळं दोन. सासूबाई म्हणाल्या, "देवाला बी एका जागी करमत न्हाय, पोरी. तो गेला म्हनून देऊळ पडतंय व्हय? दिवा लावायचा. त्याचा तो येतो माघारी." मी दिवा लावत राहिले. ते येत राहिले.

दर वेळी येताना त्यांच्या अंगाला डिझेलचा आणि बंद हवेचा वास असायचा, त्वचा केळीच्या गाभ्यासारखी फिकट झालेली असायची, आणि पहिले दोन-तीन दिवस ते हलक्या आवाजात बोलायचे, मोठ्यानं बोललं तर कुणीतरी ऐकेल अशा बेतानं. दर काही वर्षांनी बॅगेतून एक छोटी चपटी डबी निघायची. डबीत पदक असायचं. ती पदकं त्यांच्या लेखी नोकरीचा हिशेब असतील. मला ती आमच्या संसाराच्या ऋतूंसारखी वाटतात, आणि प्रत्येकाचा ऋतू वेगळा आहे.

नऊ वर्षांच्या सेवेचं पदक मी हातात घेतलं की मला माघातली थंडी आठवते. आमची शरयू जन्मली तेव्हा ते पाण्याखाली होते. त्यांनी लेकीचं तोंड पाहिलं तेव्हा ती पाच महिन्यांची झाली होती आणि सर्दीनं बेजार होती. सासूबाई ओव्याचा शेक देत होत्या, मी धीर धरून होते. पोरांना सर्दी व्हायचीच. त्यांनी तिला उचललं, आपल्या मांडीवर पालथी घेतली आणि तिच्या तळहाताएवढ्या पाठीवर कान टेकवला. बराच वेळ त्या खोलीत फक्त तिचा श्वास होता. मग ते उठून म्हणाले, "सोलापूरला चला. आत्ताच."

"अहो, सर्दी आहे नुसती," मी म्हणाले.

"डाव्या अंगाला, खाली, एक आवाज हाय. ओल्या वाळूत पाय पडल्यागत."

सोलापूरच्या डॉक्टरांनी नळी लावली, डावीकडे खाली लावली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बरं झालं आणलंत. अजून दोन दिवस घरात ठेवली असती तर अवघड होतं." शरयू नऊ दिवस दवाखान्यात होती. त्या नऊ दिवसांत मला पहिल्यांदा कळलं की माझ्याशी ज्याचं लग्न झालंय तो माणूस अबोल नाही. तो सतत कुठंतरी लक्ष देऊन असतो, आणि ज्याच्याकडे लक्ष द्यायचं त्याच्यापुढं बोलणं ही त्याला आडवी येणारी गोष्ट वाटते.

परदेश सेवेच्या पदकाची फीत फिकट निळी आहे, तिच्यावर बारीक पांढऱ्या रेघा. ते पदक एका उत्तरेकडच्या देशातल्या बंदराचं, जिथं पाणबुडी दुरुस्तीला गेली होती आणि यांना एक अख्खा हिवाळा काढावा लागला होता. तिथला समुद्र गोठायचा. तिथून आलेल्या पत्रात थंडीची तक्रार नव्हती, जेवणाची नव्हती. बर्फ गातो, एवढंच लिहिलं होतं. भेगा पडताना तो आधी लांबवर कुणीतरी तार छेडल्यासारखा वाजतो, मग जवळ येत येत कण्हतो, आणि मग एकदम गप्प होतो. पुढं वैशाखात, छत तापून घर भट्टीसारखं होई, अंगणातल्या लिंबाचं पान हलत नसे, तेव्हा ते शरयूला मांडीवर घेऊन तोंडानं त्या बर्फाचे आवाज काढून दाखवायचे. ती झोपून जायची. मीही पलीकडे उन्हाच्या तिरिपेत पडल्या पडल्या एका न पाहिलेल्या शुभ्र प्रदेशात उतरत जायचे, आणि घामानं चिंब उशीवर मला खरोखरच गारवा जाणवायचा.

स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षाचं पदक त्यांचं सगळ्यात लाडकं. "हे सगळ्यांनाच मिळालं," ते म्हणायचे, "म्हनून लई आवडतं. तू काय केलंस, असं कुणी विचारलं न्हाय." आणि आणखी एक पदक होतं, सीमेवर तणाव होता त्या महिन्यांचं. त्याविषयी त्यांनी कधी काही सांगितलं नाही. फक्त एकदा, तुरीच्या शेंगा सोलताना, मी न विचारता म्हणाले, "आमी ऐकत होतो. पलीकडं ते बी ऐकत असतील. समदे गप." आणि पुढची शेंग हातात घेतली. पाचवं, वीस वर्षांचं, घेऊन ते आले तेव्हा त्यांच्या कानशिलावर पांढरं दिसू लागलं होतं आणि शरयू माझ्या खांद्याला लागली होती.

निवृत्तीनंतर ते रोज अणदूरच्या शेतावर जात आणि मावळतीला नळदुर्गला परत येत. पंचक्रोशीत त्यांच्या कानांची ख्याती झाली. विहिरीवरची मोटार कुरकुरली की लोक मेकॅनिकच्या आधी यांना बोलावत. ते काठावर उकिडवे बसत, ऐकत, आणि बेअरिंग गेलंय की नळीत हवा धरलीय ते सांगून निघून येत. मग काही वर्षांनी ते अशी बोलावणी टाळू लागले. गुडघा दुखतो, म्हणायचे. टीव्हीचा आवाज वाढला. शरयूचा पुण्याहून फोन आला की फोन माझ्याकडे द्यायचे. "तूच बोल, मला नंतर सांग." आणि माझ्याशी बोलताना ते माझ्या तोंडाकडे एकटक बघू लागले, इतक्या एकाग्रतेनं की मला संकोच वाटे. त्याला मी उतारवयात उमललेलं प्रेम समजले. खोटं कशाला सांगू, त्या दोन वर्षांत मी आरशात जरा जास्त वेळ बघायला लागले होते.

त्या वर्षी पंधरा ऑगस्टला माझ्या जुन्या शाळेनं त्यांना झेंडावंदनाला बोलावलं. पहाटे भुरभुर येऊन गेली होती, हवेत ओल्या मातीचा आणि कुठल्या तरी घरातल्या शिऱ्याचा वास होता. त्यांनी गडद निळा कोट घातला, छातीवर पाचही पदकांची पट्टी लावली. मी मागं कुलूप घेऊन उभी होते. ते उंबऱ्याकडे चालू लागले आणि त्यांनी पहिलं पाऊल टाकलं तेव्हाच निळ्या फितीची जुनी शिवण उसवली. पदक शहाबादी फरशीवर पडलं. पडलं, वाजलं, कडेवर उभं राहून भिंतीपर्यंत घरंगळत गेलं आणि तिथं गोल गोल फिरत, नाद बारीक करत करत, आडवं झालं. इतका स्वच्छ, इतका लांब नाद त्या घरात मी कधी ऐकला नव्हता.

ते चालत राहिले. उंबरा ओलांडला, चपलांकडे बघितलं, मागं वळून म्हणाले, "चल की. उशीर होतोय."

मी खाली वाकले, पदक उचललं आणि पर्समध्ये टाकलं. असं का केलं हे मला आजही नीट सांगता येत नाही. माझ्या हातानं ते माझ्या आधी ठरवलं होतं.

शाळेत मुली गाणं म्हणत होत्या आणि ते त्यांच्या ओठांकडे बघत होते. मुख्याध्यापिकाबाईंनी आदरानं विचारलं, "किती वर्षं होता तुम्ही समुद्रात?" ते हसून म्हणाले, "व्हय, औंदा पाऊस बरा हाय." बाई गोंधळल्या, मग त्याही हसल्या. मला त्या क्षणी दोन वर्षांचा सगळा मजकूर एकदम वाचता आला: दुखणारा गुडघा, मोठा टीव्ही, माझ्या हातात दिलेला फोन, आणि माझ्या तोंडावर खिळलेली ती नजर.

घरी येऊन कोट काढताना त्यांच्या हाताला मोकळी फीत लागली. चेहरा उतरला. दुपारभर त्यांनी घर शोधलं. पलंगाखाली, कोटाच्या अस्तरात, चपलांच्या फळीमागं. दुसऱ्या दिवशी सकाळी घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता मान खाली घालून चालून आले. तिसऱ्या दिवशी पुन्हा. श्रावणातलं ऊन-सावलीचं जाळं रस्त्यावर सरकत होतं आणि त्यात तो पाठीत किंचित वाकलेला माणूस गटारीच्या कडेचं गवत काठीनं बाजूला सारत होता. मी गच्चीवरून बघत होते. पर्स माझ्या कपाटात होती. पदक दिलं तर ते कुठं पडलं हे सांगावं लागणार होतं, आणि ते सांगितलं की त्यांच्यापाशी जे उरलं होतं, म्हणजे मला काही कळलेलं नाही हा दिलासा, तो मी काढून घेणार होते. पण न देणं हेही दर दिवशी जास्त निर्दय होत चाललं होतं.

चौथ्या दिवशी ते पुन्हा काठी घेऊन निघाले तेव्हा मी आडवी गेले आणि पदक त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"कुठं घावलं?" त्यांनी विचारलं.

"घरातच. त्या दिवशी निघताना पडलं. तुमच्या मागं."

ते पदकाकडे बघत राहिले. मग त्यांनी फरशीकडे पाहिलं.

"वाजलं असंल."

"हो."

"लई?"

मी मान हलवली. त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि ओट्यावर बसले. मी शेजारी बसले. शेवग्याच्या सावलीत ते बोलू लागले. आधी बारीक आवाज गेले, म्हणाले. भांड्यांचे, पाखरांचे. मग शरयूचा फोनवरचा आवाज. "तुझा अजून येतो. पन शब्द न्हाय येत. नुस्ता आवाज येतो, वरनं कुणी बोलतंय आन् म्या खाली हाय, असा."

"मला सांगायचं होतंत ना."

"सांगून काय? तुला म्या काय दिलं गं इतक्या वर्षांत? घरी तर नव्हतोच. एक कानच तेवढे चांगले होते माझे."

मला शरयूची पाठ आठवली. मी ते बोलून दाखवलं, त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश. त्यांनी शेवटच्या शब्दापर्यंत माझे ओठ वाचले आणि मग मान फिरवली. तीन दिवस पदक दडवल्याबद्दल मी माफी मागितली तेव्हा त्यांनी माझा हात थोपटला, एवढंच.

सोलापूरच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासून एक आलेख पुढं ठेवला. डावीकडून उजवीकडे रेघ हळूहळू उतरत जाऊन एका ठिकाणी एकदम खोल गेली होती. मी घाबरले, ते त्या कागदाकडे जुन्या ओळखीनं बघत होते. आयुष्यभर त्यांनी समुद्रतळाचे उतार असेच वाचले असावेत. डॉक्टरांनी कानात घालायची यंत्रं दिली. पहिल्या दिवशी ते घरभर फिरले. कुकर, चिमण्या, शेजारच्यांचा मिक्सर, माझ्या बांगड्या, सगळं त्यांच्यावर एकदम येऊन कोसळत होतं. "समदं एकाच वक्ताला बोलतंय," ते म्हणाले. "ह्यातनं न्यारं काय काढू?" मग त्यांनी आपलं आपण ठरवलं: माणसांशी बोलताना यंत्र घालायचं, एकटं असताना काढून ठेवायचं. निळी फीत मी दुहेरी दोऱ्यानं स्वतः शिवली. शरयूशी ते आता फोनवर बोलतात. ती ओरडून बोलते, आणि ते तिला म्हणतात, "हळू. हळू बोललीस की नीट येतं."

भाद्रपद लागला आणि बोरी नदी भरून वाहू लागली. एका रविवारी ते आपणहून म्हणाले, किल्ल्यात जाऊ. नळदुर्गच्या किल्ल्यात दोन तटांमध्ये बांध घातलेला आहे, त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे, आणि नदी भरली की त्याच्या डोक्यावरून पाण्याचे दोन लोट खाली झेपावतात; लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. आम्ही अरुंद पायऱ्या उतरून आत गेलो. दगडी कमानीच्या बाहेर पाण्याचा पडदा कोसळत होता आणि त्यातून गाळून आलेला हिरवट, थरथरता उजेड भिंतींवर, छतावर, त्यांच्या पांढऱ्या केसांवर हलत होता. त्या उजेडात त्यांचं वय मोजता येत नव्हतं. मला वाटलं, मी जिथं कधी जाऊ शकले नाही त्या त्यांच्या जगात मला कुणीतरी थोडा वेळ उतरू दिलं आहे.

तुषार उडत होते म्हणून त्यांनी यंत्रं काढून खिशात ठेवली. मग दोन्ही तळवे ओल्या भिंतीवर टेकवले.

"मादी जरा कमी पडतीय आज," ते म्हणाले.

मी त्यांच्या समोर जाऊन, ओठ स्पष्ट हलवत विचारलं, "कसं कळलं?"

"हाडात येतं." तळवे तिथंच ठेवून म्हणाले, "थोर आवाज कळतोय मला. ह्याच्या मागं बारीक काय काय हाय, ते तू सांग."

बारीक काही असेल असं मला वाटलं नव्हतं. त्या गर्जनेत दुसरं काही मावणंच शक्य नव्हतं. तरी मी ऐकू लागले. आधी नुसतं पाणी. मग हळूहळू पाण्याला चिरा पडल्या आणि एका चिरेतून पारव्यांची घूं घूं आली. मी त्यांना सांगितलं.

"कुठं?"

"वर. डावीकडच्या कोनाड्यात."

"किती लांब?"

आवाजाला अंतर असतं हे मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं राहून कधी मनात आणलं नव्हतं. मी पुन्हा ऐकलं. "दहा-बारा हातांवर," मी म्हणाले, "आणि त्याच्या पलीकडे, पायऱ्यांवर, कुणी बाई आपल्या माणसाला हाक मारतेय. तो ओ देत नाहीये. आता दिली." ते ऐकत होते, म्हणजे माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट पोचत होती: पारवे, पायऱ्या, ती हाक, ती ओ.

तेव्हापासून माझं दिवसाचं एक काम वाढलं आहे. घरात, शेतावर, बाजारात जे जे वाजतं ते मी त्यांच्यासाठी टिपून ठेवते, आणि टिपता टिपता माझ्या ध्यानात येतं की ते नसलेल्या सगळ्या वर्षांत हे जग माझ्याभोवती असंच बोलत होतं, मीच त्यांच्या येण्याच्या रस्त्याकडे कान लावून बसल्यामुळे मला ते ऐकू आलं नाही. काळ माणसाला दिलेलं एकेक करून मागून घेतो, आधी बारीक, मग थोर. पण जे आपण वेळेवर दुसऱ्याच्या कानात ठेवून दिलेलं असतं, ते शोधत काळ पुष्कळ दिवस भलत्याच दारांवर थापा मारत राहतो.